सर्जन व्हायला कोण येतं?

(छत्रपती संभाजीनगर येथील एका स्मृती व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘यशस्वी शल्यचिकित्सक कसा घडतो’. मी तो परत केला. यशस्वी सर्जनांबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. बरेचदा ते स्वतःच बोलतात. मला त्याच्या आधीचं बोलायचं आहे. एमबीबीएस झालेली, पंचविशीच्या आसपासची मुलं-मुली दरवर्षी सर्जरीच्या दाराशी येऊन उभी राहतात. ही कोण असतात, कुठून येतात, कशासाठी येतात, आणि आपण त्यांच्यातल्या कुणाला आत घेतो? ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे त्या सरांचा आणि माझा यावर कायमचा वाद होता. ते म्हणत, सर्जन पारखून घ्यावा. मला ते पटत नसे, अजूनही पटत नाही, आणि आज त्यांच्याच नावाच्या व्यासपीठावरून मी ते सांगणार आहे. सरांना यात वावगं वाटलं नसतं. वाद न घालणारा रेसिडेंट त्यांना युनिटमध्ये नकोच असायचा.

आज मोठा दरवाजा एकच आहे, नीट-पीजी. २०० प्रश्न, ८०० गुण, साडेतीन तास. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. देशभरातले दोन लाखांहून जास्त डॉक्टर ही परीक्षा देतात, त्यातून रँक निघते आणि रँकेवरून ब्रांच. उमेदवाराचे हात कुणी बघत नाही. बारा तास उभं राहिल्यावर तो चिडतो का, नातेवाइकांशी कसा बोलतो, चूक झाली तर सांगतो की झाकतो, यातलं काही विचारलं जात नाही. एम्स, पीजीआय, जिपमर यांची वेगळी परीक्षा आहे, पण तीही पर्याय निवडण्याचीच.

रँकेचा प्रवाह कुठे वाहतो हे चॉईस फिलिंगच्या दिवसांत कुठल्याही होस्टेलवर कळतं. वरची मुलं रेडिओलॉजी, मेडिसिन, स्किन घेतात. सर्जरी त्यानंतर येते. माझ्या पिढीतल्या लोकांना याचं वाईट वाटतं, कारण आमच्या वेळी वर्गातला पहिला मुलगा सर्जरीच घ्यायचा आणि तसं छाती फुगवून सांगायचा. आजच्या मुलांना मी दोष देत नाही. हिशेब साधा आहे. तीन वर्षं एमएस. नुसत्या एमएसवर मोठ्या शहरात कुणी विचारत नाही, म्हणून पुन्हा नीट-एसएस आणि तीन वर्षं एमसीएच. शिवाय सरकारी बंधपत्राची सेवा. पहिली बरी कमाई हातात येईपर्यंत तिशी उलटलेली असते. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय सेवेला ग्राहक कायद्याखाली आणलं, तेव्हापासून फाटलेल्या पोटाच्या रुग्णापेक्षा फाटलेल्या पोटाचा सीटी स्कॅन वाचणं जास्त सुरक्षित आहे, हे चांगला अभ्यास करणाऱ्या मुलाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

२०२३ साली पात्रतेचा पर्सेंटाइल शून्यावर आणला गेला. वर्तमानपत्रांतून बराच गहजब झाला, आता कुणीही सर्जन होणार म्हणून. तसं काही झालं नाही. रिकाम्या राहतात त्या मुख्यतः ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री अशा विषयांच्या जागा. सरकारी महाविद्यालयातली जनरल सर्जरी भरतेच. प्रश्न ती भरते का हा नाही. ज्यानं ती भरली त्याला ती हवी होती का, हा आहे.

आपल्या भागातून सर्जरीला कोण येतं ते सांगते. एक मोठा गट तालुक्याच्या गावी हॉस्पिटल असलेल्या डॉक्टरांच्या मुलांचा. मराठवाड्यातली ही एक संस्थाच आहे : नवरा सर्जन, बायको गायनॅक, खाली ओपीडी, मधल्या मजल्यावर वीस खाटा, वर घर. या घरातला मुलगा जन्मतःच अर्जदार असतो. मुलीच्या बाबतीत ती गायनॅक होणार हे ठरलेलं असतं आणि जावई सर्जन शोधला जातो. अशा स्थळांच्या जाहिरातीत रंग-उंचीच्या आधी ब्रांच येते, हे मी चेष्टेनं म्हणत नाही. दुसरा गट घरातला पहिला डॉक्टर असलेल्यांचा. लातूर-नांदेडच्या क्लासमधून आलेला, बापाची चार एकर कोरडवाहू, बहिणीचं लग्न व्हायचंय. त्याला घाई असते, आणि घाई असणाऱ्याला सर्जरी परवडत नाही. तरीही तो येतो, कारण त्यानं इंटर्नशिपमध्ये गळू कापून पू काढलेला असतो आणि रुग्ण दुसऱ्या दिवशी हसत आलेला असतो. तेवढ्यावर माणूस आयुष्य ठरवतो. आणि तिसरे, ज्यांना स्किन किंवा मेडिसिन हवं होतं, थोडक्यात हुकलं, आणि ड्रॉप घ्यायची ताकद किंवा पैसा नव्हता. हे सर्जरीत ‘आलेले’ नसतात, सर्जरी त्यांना ‘लागलेली’ असते.

यातला चांगला सर्जन कोण होईल? सर म्हणायचे, समोर बसव, दहा मिनिटं बोल, मी सांगतो.

ही हौस जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात दुसरा अध्याय शिष्य कसा निवडावा यावरच आहे. अर्जदाराची इतकी सविस्तर यादी आजच्या कुठल्याही विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात सापडणार नाही. शील, शौर्य, स्वच्छता, विनय, बळ, बुद्धी, धीर, स्मरणशक्ती, जीभ, ओठ आणि दातांची टोकं पातळ, चेहरा, डोळे, नाक सरळ, मन प्रसन्न, आणि कष्ट सोसण्याची तयारी. दातांचं सोडून द्या, बाकीची यादी मला मान्य आहे. शेवटची अट तर मी भिंतीवर लावीन. पुढे पाचव्या अध्यायात शस्त्र धरणाऱ्याचे गुण दिलेत : धैर्य, चपळाई, धारदार शस्त्र, घाम न फुटणं, हात न थरथरणं, गोंधळून न जाणं. नवव्या अध्यायात सराव कशावर करायचा ते आहे. कोहळा, दुध्या, काकडीवर छेद घ्यायचा. पाण्या-चिखलानं भरलेल्या कातडी पिशवीवर भेद करायचा. शीर टोचायला मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ. आमचे रेसिडेंट केळ्याच्या सालीवर टाके घालतात आणि खुर्चीच्या हाताला दोरा बांधून गाठी मारतात. दोन हजार वर्षांत भाजी बदलली.

पण त्या यादीची सुरुवात कुठून होते? वर्णापासून. आधी पहिले तीन वर्ण, मग बाकीचे गुण. शूद्रालाही शिकवावं असं काहींचं मत आहे, अशी नोंद आहे, तीही मंत्र वगळून आणि उपनयन न करता. म्हणजे हातांची, धैर्याची, घामाची एवढी बारीक पारख ज्यांनी केली, त्यांनी आधी गाळणी लावली ती जन्माची.

आता याला जोडून दुसरी गोष्ट ऐका, आपल्या पुण्याची. कंपनीच्या फौजेत काउसजी नावाचा गाडीवान होता. टिपूच्या लोकांनी त्याचं नाक कापलं. पुण्याकडच्या एका वैद्यानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. लंडनच्या ‘द जंटलमन्स मॅगझीन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात याचं सचित्र वर्णन छापून आलं, आणि त्यावरून १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यूनं लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. जगभरातले प्लास्टिक सर्जन आजही त्या कपाळाच्या फडक्याला भारतीय पद्धत म्हणतात. त्या वर्णनात वैद्याचं नाव नाही. जात आहे : विटा भाजणाऱ्यांच्या जातीतला. कुंभार म्हणा. सुश्रुताच्या दारात ज्याला ताटकळत उभं राहावं लागलं असतं, त्याच्याच हातात सुश्रुताची विद्या शिल्लक राहिली होती. पंडितांच्या घरात पोथी राहिली.

म्हणून मुलाखत घ्या, पारखून घ्या, असं कुणी म्हटलं की माझा कान उभा राहतो. पारखणारा कोण? मी ज्या काळात आत आले तेव्हा सीईटीही नव्हती. एमबीबीएसचे त्या विषयातले गुण, किती प्रयत्नांत पास झालात, हाउस पोस्ट कुठे केलीत, यावर जागा मिळे. हे कागदावर. कागदाबाहेर विभागप्रमुखांचा शब्द चाले. एका महाविद्यालयात मी सर्जरीची हाउस पोस्ट मागायला गेले तेव्हा प्रमुखांनी माझ्या गुणपत्रिकेकडे न बघता सांगितलं, ‘गायनॅकला जा, बेटा. तुझ्याच भल्याचं सांगतोय.’ ते माणूस म्हणून वाईट नव्हते. दहा मिनिटांत पारखलं होतं, इतकंच.

नीट-पीजीचा संगणक मला बेटा म्हणत नाही. तो आडनाव वाचत नाही, बापाचं हॉस्पिटल किती खाटांचं ते विचारत नाही. या शहरानं हे नीट समजून घ्यायला हवं. बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथे मिलिंद महाविद्यालय काढलं. १९५६ मध्ये घाटी, म्हणजे इथलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, सुरू झालं. त्याआधी मराठवाड्यातल्या मुलाला डॉक्टर व्हायचं तर हैदराबादची वाट धरावी लागे. ज्यांच्या घरात शाळेची पायरी कुणी चढलं नव्हतं अशी मुलं वर्ग, ग्रंथालय, वसतिगृह करत इथवर आली ती गुणपत्रिकेच्या जोरावर. ओळखपाळखीच्या जोरावर येण्याचा मार्गच त्यांना नव्हता. परीक्षा आंधळी आहे, हा तिचा दोष मानतात. आपल्यासारख्या समाजात तोच तिचा मोठा गुण आहे. आणि दाराशी आंधळेपणा असला तरी आत गेल्यावर डोळे उघडतात, हेही विसरू नये. डॉ. पायल तडवी जळगावची, तडवी भिल्ल समाजातली, मिरजेहून एमबीबीएस झालेली. मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेताना २२ मे २०१९ रोजी ती गेली. वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर जातीवरून छळल्याचे आरोप झाले, प्रकरण न्यायालयात गेलं. त्यावर मी बोलणार नाही. एवढंच म्हणते, की परीक्षेनं जिला पात्र ठरवलं, तिला आत नीट वागवणं परीक्षेच्या हातात नव्हतं.

बाहेर काय करतात असं विचाराल तर अमेरिकेकडे बघा. तिथे १९५२ पासून ‘मॅच’ आहे. उमेदवार रुग्णालयांना क्रम देतात, रुग्णालयं उमेदवारांना. गुण, शिफारसपत्रं, शोधनिबंध, स्वतःविषयीचं निवेदन, मग मुलाखती. त्यांच्या लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत २०२२ पासून गुणच देत नाहीत, फक्त पास किंवा नापास. म्हणजे माणूस बघण्यावर अधिकच भर. आणि इतकं पारखून घेतल्यावर? २०१७ मध्ये ‘जामा सर्जरी’त अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा आला. जनरल सर्जरीतले सुमारे १८ टक्के रेसिडेंट शिक्षण अर्धवट सोडतात. पुरुषांत १५ टक्के, स्त्रियांत २५. सोडण्याचं प्रमाण पहिल्या वर्षानंतर सर्वाधिक असतं. कारण कौशल्य कमी पडलं हे नसतं. असलं जगणं नको, हे असतं. सरांना मी हा आकडा दाखवला होता. ते म्हणाले, ‘अमेरिकनांना माणसं ओळखता येत नाहीत.’

ज्यांच्या नावानं आम्ही शपथा घेतो त्यांना तरी कुठली निवडसमिती पास करती? रेसिडेन्सी ही कल्पनाच ज्यानं जॉन्स हॉपकिन्सला रुजवली, तो विल्यम हाल्स्टेड कोकेनच्या आणि पुढे मॉर्फिनच्या व्यसनात होता. आजच्या मानसिक चाचणीत तो पहिल्या फेरीतच बाद झाला असता, आणि रबरी हातमोजे कुणी दुसऱ्यानं आणेपर्यंत आपण थांबलो असतो.

आता हातांबद्दल. आई-बाप मला विचारतात, ‘मॅडम, पोराचे हात बघा ना, सर्जनचे आहेत का?’ सर्जनचे हात असे काही नसतात. १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडियांनी देशातली पहिली दुर्बिणीची पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली, आणि ज्यांच्या बोटांची ख्याती होती अशा भल्याभल्यांना पडद्याकडे बघून हात चालवायला नव्यानं शिकावं लागलं. २००७ मध्ये अमेरिकेत ३३ सर्जनांचा एक अभ्यास झाला होता. आठवड्याला तीन तासांहून जास्त व्हिडिओ गेम खेळलेल्यांनी दुर्बिणीच्या सरावात ३७ टक्के कमी चुका केल्या. हे मी पालकांना सांगत नाही. मुलांना सांगते. हातात खरी अडचण येते ती डावखुऱ्यांना. आपली कात्री उजव्या हाताच्या दाबानं पाती एकमेकांवर घासतील अशी बनवलेली असते. डाव्या हातात तीच पाती फाकतात आणि दोरा कापण्याऐवजी चावते. नीडल होल्डरचं कुलूप डाव्या अंगठ्याला उलटं पडतं. वरिष्ठ ओरडतात, ‘हात नाही याला.’ हात आहे, कात्री नाही.

मुलींकडे येते. एमबीबीएसच्या वर्गात आता निम्म्या मुली दिसतात. सर्जरीच्या विभागात तितक्या दिसत नाहीत. कारण विचारलं की सांगतात : उभं राहावं लागतं, रात्री-बेरात्री यावं लागतं, संसार कसा होणार. त्याच मुली गायनॅकला रांग लावतात. मला एक सांगा, रात्री दोनला बाळाचे ठोके पडताहेत म्हणून पंधरा मिनिटांत पोट उघडणारी बाई काय करते? ती सर्जरीच करते. रक्तानं भरलेल्या पोटात हात घालून गर्भाशयाची शीर बांधते. झोप तिलाही नाही, संसार तिलाही आहे. मग ही ब्रांच बायकांची आणि शेजारच्या टेबलावरचं अपेंडिक्स पुरुषाचं, हे कुणी ठरवलं?

ठरवलं इतिहासानं. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातून एम. डी. झाल्या, रखमाबाई लंडनला शिकून आल्या आणि सुरत-राजकोटला आयुष्यभर राबल्या. त्या काळात स्त्री डॉक्टर हवी होती ती पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देत नव्हत्या म्हणून. १८८५ चा डफरिन फंड त्याचसाठी निघाला. दार उघडलं, पण एकाच खोलीचं. आज पडदा गेला, नीट आली, तरी आम्ही त्याच खोलीत गर्दी करून बसलो आहोत. आणि जी बाहेर पडते तिला स्तनाच्या गाठीची ओपीडी देतात. ते काम मी मन लावून केलं, त्याचा अभिमान आहे. पण ते मला देताना कुणी माझा कल विचारला नव्हता.

मग चांगल्या अर्जदाराचं लक्षण नाहीच का? माझ्या दृष्टीनं एक आहे. मी तुम्हाला दोन रेसिडेंट सांगते, एकाच बॅचचे.

मुलगा हातानं विलक्षण. दुसऱ्या वर्षात हर्निया असा करायचा की नर्स बघायला थांबत. ऑपरेशन संपलं की त्याच्यापुरता रुग्ण संपला. मुलगी हिंगोलीकडची, स्किन हुकलं म्हणून आलेली. पहिले महिने मधुमेही पायांच्या ड्रेसिंगमध्ये गेले. त्या वासानं ती जेवत नसे, हे मला मेसच्या मावशीनं सांगितलं. गाठी ढिल्या. एका रात्री तीनच्या सुमारास तिनं मला फोन केला. अल्सर फुटलेल्या एका माणसाचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस होता. ‘मॅडम, ताप नाही, पोट मऊ आहे, बीपी ठीक आहे. पण नाडी संध्याकाळी ९६ होती, आता ११८ आहे आणि तो माझ्याकडे बघत नाहीये.’ मी म्हटलं, ‘बघत नाहीये म्हणजे?’ ‘म्हणजे रोज बघतो. आज छताकडे बघतोय.’ त्या रात्री तिची ड्यूटी त्या वॉर्डात नव्हतीही. झोपायला जाताना ती एक चक्कर मारून गेली होती. पहाटे पोट पुन्हा उघडलं. पॅच गळत होता. माणूस वाचला.

मुलगा आज एका मोठ्या शहरात नावाजलेला आहे. माझं पित्ताशय काढायची वेळ आली तर मी त्याच्याकडे जाणार नाही. मुलीच्या गाठी पुढे वर्षभरात घट्ट झाल्या. गाठी शिकवता येतात. न सांगता परत जाऊन बघणं हेच ते लक्षण. पण मला सांगा, हे मुलाखतीत दिसलं असतं? त्या मुलीला पहिल्या दिवशी ‘तू सर्जरीत का आलीस’ विचारलं असतं तर ती खरं बोलली असती आणि सरांनी तिला घरी पाठवलं असतं. आपण परत जाऊन बघणारी आहोत हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

असंच दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांचं. धुळे जिल्ह्यातलं गाव, हर्नियाचे गरीब रुग्ण, आणि हर्नियावर बसवायची, बाहेरून येणारी जाळी हजारोंच्या घरात. त्यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं, वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या, २००३ च्या सुमारास ते छापलं. लोक हसले. २०१६ मध्ये युगांडातल्या ३०२ रुग्णांवरचा रीतसर अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आला, मच्छरदाणीची स्वस्त जाळी महागड्या जाळीच्या तोडीस तोड ठरली. रुग्णाच्या खिशाकडे बघून शस्त्रक्रियेचा विचार करण्याची ही वृत्ती चार पर्यायांच्या प्रश्नात बसत नाही, आणि मला खात्री आहे, बसवलीच तर लातूरचे क्लासवाले तिच्या नोट्स काढतील.

तर निवड दाराशी होत नाही. ती आत, टेबलापाशी, पहिल्या सहा महिन्यांत होते, आणि तिथे निवडणारा शिक्षक नसतो, विद्यार्थी असतो. त्यालाच कळतं की हे आपलं आहे की नाही. आणि नेमकं तेव्हाच आपण दाराला कुलूप लावतो. जागा सोडायची? दंड भरा, लाखांत. प्रकाश आमटे नागपूरला सर्जरीचं शिक्षण घेत होते. ते सोडून १९७३ च्या सुमारास हेमलकशाला गेले आणि तिथे हाताला येईल ती शस्त्रक्रिया केली. आज त्यांच्यासमोर आधी लिपिकानं दंडाची रक्कम ठेवली असती.

जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं राज्यांना पत्र लिहून जागा सोडण्याचा दंड रद्द करावा असं सुचवलं. ताण, नैराश्य यांच्या तक्रारींचा त्यात उल्लेख होता. दंडाच्या बाजूनं सर जे म्हणत ते चुकीचं नव्हतं : दंड नसेल तर सर्जरी ही प्रतीक्षागृह होईल; पोरं जागा धरून ठेवतील, पुढच्या वर्षी रेडिओलॉजी लागली की निघून जातील. खरं आहे. पण दंड पैशात असला की काय होतं बघा. वीस खाटांच्या हॉस्पिटलवाल्याचा मुलगा तो भरतो आणि जातो. कोरडवाहू चार एकरवाल्याची मुलगी भरू शकत नाही, ती राहते. कशी राहते ते तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला माहीत असतं. म्हणून मी म्हणते, किंमत वर्षात घ्या. सहा महिन्यांच्या आत सोडणाऱ्याला एक पैसा दंड नको, पण पुढच्या एका वर्षाच्या प्रवेशफेरीत त्याला स्थान नको. जो सौदा करतोय तो थांबेल. ज्याला खरंच सहन होत नाही तो वर्ष खुशीनं देईल.

यावर प्रशासन जे उत्तर देतं ते मला तोंडपाठ आहे : मग वॉर्ड कोण चालवणार? हे उत्तर प्रामाणिक आहे, म्हणून मला आवडतं. रेसिडेंट हा विद्यार्थी म्हणून घेतला जातो आणि कामगार म्हणून मोजला जातो. जालना, बीड, परभणी, बुलढाण्याहून रात्रभर येणाऱ्या ॲम्ब्युलन्स त्याच्या खांद्यावर उतरतात. दंड त्याच्या चंचलपणाला नाही. ड्यूटी लिस्टमधल्या रिकाम्या चौकोनाला आहे. तो चौकोन भरायचा तर वैद्यकीय अधिकाऱ्यांची, व्याख्यात्यांची पदं भरा, ड्रेसिंगला प्रशिक्षित माणसं द्या. २०२४ मध्येच आयोगाच्या कृतिदलानं रेसिडेंटला आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको असं म्हटलं. हा आकडा मी वॉर्डात वाचून दाखवला तेव्हा एकानं विचारलं, ‘मॅडम, मंगळवारपर्यंत धरून का?’

आणि शिक्षकांनी पहिल्या सहा महिन्यांत काय करावं, तेही सांगते. पहिल्या वर्षाच्या मुलाला रिट्रॅक्टर धरायला लावा, पण आत काय चाललंय ते त्याला दिसेल असा उभा करा. आठवड्यातून एक छोटं ऑपरेशन त्याच्या हातून, तुमचा हात वर. महिन्यातून एकदा बंद खोलीत विचारा, ‘राहायचंय का?’ आणि तो नाही म्हणाला तर त्याला नामर्द ठरवू नका. ज्या विभागातून बाहेर पडता येतं त्याच विभागात थांबलेल्याला आपण थांबलो आहोत याची खात्री असते.

अध्यक्षांनी मघाच चिठ्ठी पाठवली आहे, वेळ झाली. मागच्या दोन रांगांत घाटीतले रेसिडेंट आहेत, त्यातल्या काहींना नऊ वाजता कॅज्युअल्टीला जायचं आहे. पहिले प्रश्न त्यांनी विचारावेत. बाकीच्यांनी थोडं थांबावं.